गुरुश्रद्धेची चिकित्सा आणि डहाणू-तलासरीचा आदिवासी अनुभव : सायवन परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :

भारतीय समाजजीवनात गुरूला जे स्थान लाभले आहे, तसे अन्य कोणत्याही लौकिक पदाला क्वचितच लाभले असेल. आषाढी पौर्णिमा गुरूच्या नावाने साजरी होते. विद्या, संगीत, मल्लविद्या, वैद्यक आणि अध्यात्म अशा सर्वच क्षेत्रांत गुरुशिष्य परंपरेचा उल्लेख आदराने केला जातो. या आदराचे कारण समजण्यासारखे आहे. ज्या समाजात ज्ञान प्रामुख्याने मौखिक होते, त्या समाजात ते जतन करणारी व्यक्ती हेच ग्रंथालय होते आणि तेच विद्यालय होते. परंतु आदर आणि शरणागती या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुरूने दिलेल्या ज्ञानाविषयीचा आदर गुरूच्या देहाविषयीच्या, शब्दाविषयीच्या आणि इच्छेविषयीच्या संपूर्ण शरणागतीत केव्हा रूपांतरित होतो, हा प्रश्न आधुनिक भारताच्या सामाजिक इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा एकोणिसाव्या शतकापासून अखंडपणे चालू आहे. तथापि, या चर्चेचा इतिहास लिहिताना मुंबई, पुणे, सातारा, नागपूर ही शहरे आणि तेथील सुशिक्षित सुधारक हेच केंद्रस्थानी राहिले. डहाणू आणि तलासरी तालुक्यांची डोंगरपट्टी या इतिहासात आलीच, तर ती 'अंधश्रद्धेचे उदाहरण' म्हणून आली. सायवन हे डहाणू तालुक्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातील गाव. ठाणे जिल्ह्याच्या विभाजनानंतर १ ऑगस्ट २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. वारली, कोकणा, धोडिया इत्यादी आदिवासी समाजांची येथे बहुसंख्या आहे. धार्मिक अधिकार कोणाला द्यावा, किती द्यावा आणि तो परत केव्हा घ्यावा, याविषयीचा या परिसराचा स्वतःचा अनुभव आहे. तो अनुभव गुरुश्रद्धेच्या व्यापक चर्चेला उपयुक्त ठरतो, असे प्रस्तुत निबंधाचे गृहीतक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. आधुनिक महाराष्ट्रातील गुरुश्रद्धेच्या चिकित्सेचे प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
२. डहाणू-तलासरी परिसरातील धार्मिक अधिकाराचे स्वरूप आणि त्याची मर्यादा अभ्यासणे.
३. श्रद्धेच्या चिकित्सेचा व्यवहार्य निकष कोणता असावा, याचा ऐतिहासिक घटनांच्या आधारे शोध घेणे.

प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक व वर्णनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आदिवासींच्या धर्माला 'हिंदू' म्हणावे किंवा नाही, याविषयी अभ्यासकांत आणि खुद्द आदिवासी समाजातही मतभेद आहेत. भगत म्हणजे गुरू नव्हे. म्हणूनच येथे या दोन संस्थांची तुलना केली आहे, त्यांना एकरूप मानलेले नाही.

परंपरेतील परिप्रश्न :

गुरुश्रद्धेची चिकित्सा ही पाश्चात्त्य शिक्षणातून आलेली उसनी कल्पना आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंपरेचे वाचन केल्यास हा आक्षेप टिकत नाही. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यांत प्रणिपात आणि सेवा यांच्या जोडीला परिप्रश्नही आहे. म्हणजे गुरूपुढे वाकणे आणि गुरूला खोदून विचारणे या दोन्ही क्रिया तेथे एकाच श्लोकात नांदतात. समर्थ रामदासांच्या दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे आणि शिष्याची लक्षणे यांवर स्वतंत्र समास आहेत. करामती दाखविणाऱ्याला लोक गुरू म्हणत असले, तरी तो सद्गुरू नव्हे, असा भेद तेथे स्पष्टपणे केला आहे. गुरूची लक्षणे सांगावी लागतात याचाच अर्थ असा की, गुरू म्हणविणाऱ्या प्रत्येकास गुरू मानू नये, ही जाणीव परंपरेला होती.

मात्र या जाणिवेला एक मर्यादा होती. परीक्षा घ्यावयाची ती गुरू करण्यापूर्वी. एकदा गुरू केला की त्याच्या आज्ञेचे उल्लंघन हे पातक ठरे. शिष्याला परीक्षेचा अधिकार होता, पण तो एकदाच वापरता येत होता. पुढील काळातील सर्व वाद या एका मुद्द्याभोवती फिरतात, असे म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकातील चिकित्सा :

आधुनिक काळात गुरुपदाला पहिले मोठे जाहीर आव्हान मुंबईत मिळाले. करसनदास मुळजी यांनी आपल्या 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात २१ ऑक्टोबर १८६० रोजी वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या वर्तनावर टीका करणारा लेख प्रसिद्ध केला. त्यावरून जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावून ५०,००० रुपयांची भरपाई मागितली. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात १८६२ मध्ये चाललेला हा खटला 'महाराज लायबल केस' या नावाने प्रसिद्ध आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या प्रतिष्ठित वैद्याने मुळजींच्या बाजूने साक्ष दिली. निकाल मुळजींच्या बाजूने लागला. नैतिकदृष्ट्या जे गैर आहे, त्याला धर्माच्या आधाराने योग्य ठरविता येत नाही, असे तत्त्व या निकालातून पुढे आले.

या खटल्याचे महत्त्व केवळ एका संप्रदायापुरते नव्हते. गुरूचे वर्तन हा गुरू आणि शिष्य यांच्यातील खासगी विषय नसून तो सार्वजनिक तपासणीचा विषय होऊ शकतो, हे या खटल्याने प्रस्थापित केले. एकदा दिलेली श्रद्धा पुन्हा तपासता येते, हा नवा विचार होता.

लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रातून लिहिलेल्या शतपत्रांत पुरोहितांच्या अज्ञानावर आणि लोकांच्या अंधानुकरणावर टीका केली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी तो प्रश्न अधिक मूलगामी केला. 'गुलामगिरी' हा त्यांचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. निर्मिक आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही, ही फुले यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुरोहिताशिवाय पहिला सत्यशोधक विवाह पार पडला. मुळजींचा प्रश्न 'हा गुरू चांगला आहे का?' असा होता. फुले यांचा प्रश्न 'मध्ये कोणी हवाच कशाला?' असा होता.

विसाव्या शतकात या दोन्ही प्रश्नांना आणखी एका भूमिकेची जोड मिळाली. गाडगे महाराज (१८७६–१९५६) स्वतः लोकांच्या दृष्टीने संत होते. परंतु आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याकडून उत्तरे घेत आणि कीर्तनाआधी हातात झाडू घेऊन गाव स्वच्छ करीत. ज्याला सहज गुरुपद मिळाले असते, त्याने ते नाकारणे ही चिकित्सेची सर्वांत परिणामकारक पद्धत म्हणावी लागेल. याच सुमारास, १९३० च्या दशकात, शं. वा. किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर' मासिकातून बुवाबाजीविरुद्ध मोहीम चालविली आणि हा विषय मध्यमवर्गीय घराघरांत पोहोचविला.

ही परंपरा गौरवास्पद आहेच. तथापि, तिच्यात लिहिता-वाचता येणारा, वृत्तपत्र विकत घेणारा आणि न्यायालयापर्यंत पोहोचू शकणारा वर्ग गृहीत धरलेला होता. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते, त्यांच्या धार्मिक अधिकाराचे स्वरूप काय होते? या प्रश्नासाठी डहाणूच्या डोंगरपट्टीकडे वळावे लागते.

भगत आणि धवलेरी : कामापुरता अधिकार :

के. जे. सावे यांनी १९४५ मध्ये प्रकाशित केलेल्या वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथापासून पुढील अनेक अभ्यासकांनी वारली समाजातील भगताची नोंद केली आहे. आजारपण, पिकावरील संकट, हरवलेले जनावर, घरातील अकल्पित मृत्यू अशा प्रसंगी भगताला बोलाविले जाते. तांदळाचे दाणे पाहून तो संकटाचे कारण सांगतो, कोणत्या देवाचा कोप झाला हे ठरवितो आणि उपाय सुचवितो. हिरवा देव, नारणदेव, हिमाई, कणसरी, वाघदेव अशा देवतांशी गावाचा संबंध राखणे हे त्याचे काम होय. जंगलातील औषधी वनस्पतींचे ज्ञानही अनेक भगतांजवळ असते.

गुरूच्या तुलनेत भगताचे तीन विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला विशेष म्हणजे भगत हा गावातीलच शेतकरी किंवा मजूर असतो. पावसाळ्यात त्यालाही चिखलात उतरून भाताची लावणी करावी लागते. त्याचा मठ नसतो, गादी नसते आणि त्याच्या नावाचा संप्रदायही नसतो. दुसरा विशेष म्हणजे त्याचा अधिकार कामापुरता असतो. विधी संपला की तो पुन्हा पाड्यावरचा एक माणूस होतो. तिसरा विशेष सर्वांत महत्त्वाचा आहे. एका भगताचा उपाय लागू पडला नाही, तर घरची माणसे दुसऱ्या भगताकडे जातात. यात पातक मानले जात नाही. म्हणजे ज्या अधिकाराचा वापर परंपरेतील शिष्याला एकदाच करता येत होता, तो येथे पुनःपुन्हा करता येतो.

धवलेरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. वारली विवाहात लग्न लावणारी व्यक्ती ही ब्राह्मण पुरोहित नसून धवलेरी असते आणि ती स्त्री असते. तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवीची स्थापना होते आणि धवलेरीने गायिलेल्या गीतांनी विवाह सिद्ध होतो. सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये जो बदल मोठ्या विरोधाला तोंड देऊन घडविला, तो ब्राह्मण पुरोहिताशिवायचा विवाह या डोंगरपट्टीत परंपरेनेच चालत आलेला होता. सुधारणेच्या इतिहासात या वस्तुस्थितीची नोंद क्वचितच घेतली जाते.

परंतु या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. भगताने एखाद्या आजाराचे कारण म्हणून गावातील स्त्रीला 'भुताळी' ठरविले, तर तिच्या वाट्याला बहिष्कार, मारहाण आणि प्रसंगी मृत्यूही येत असे. अशा स्त्रिया बहुधा विधवा, एकट्या किंवा निराधार असत. रुग्णाला दुसऱ्या भगताकडे जाण्याचे स्वातंत्र्य होते. भुताळी ठरलेल्या स्त्रीला मात्र कोणाकडे दाद मागण्याची सोय नव्हती. भगत ज्यांच्यासाठी काम करी, त्यांना उत्तरदायी होता. ज्यांच्याविरुद्ध कौल देई, त्यांना नव्हता. कामापुरत्या अधिकाराची मर्यादा येथे उघड होते.

१९२२ ची देवी : गुरूविना सुधारणा :

डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथात एका विलक्षण चळवळीचा इतिहास मांडला आहे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छिमार समाजात देवीच्या कोपाशी संबंधित एक विधी सुरू झाला. तो किनाऱ्याकडून डोंगराकडे आणि पुढे उत्तरेस दक्षिण गुजरातच्या आदिवासी मुलखात पसरला. 'सलाबाई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या देवीचे आदेश लोकांच्या अंगात येऊन प्रकट होत. दारू व ताडी सोडा, मांस खाऊ नका, रोज स्नान करा, स्वच्छ राहा, दारूचा धंदा करणाऱ्यांकडे काम करू नका, अशा स्वरूपाचे ते आदेश होते.

या चळवळीत एक प्रमुख गुरू नव्हता. संचार एकाच्या नव्हे, तर अनेकांच्या अंगात होई. देवीचा आदेश एका गावाहून दुसऱ्या गावाला पोहोचे आणि तो पाळावयाचा की नाही, हे गावच्या जमावात ठरे. दारू विक्रेते आणि सावकार यांच्या आर्थिक वर्चस्वाला या आदेशांनी धक्का दिला. त्यामुळे हे केवळ देवभोळेपणाचे प्रकरण नव्हते, असे हार्डिमन यांचे प्रतिपादन आहे. आदिवासींनी धार्मिक भाषेतून आपली प्रतिष्ठा मागितली होती.

पुष्कळ ठिकाणी काही काळाने लोक पुन्हा जुन्या आहार-विहाराकडे वळले. देवीचा प्रत्यय येईनासा झाला, तेव्हा तिच्या आज्ञा सैल झाल्या. सुधारणेच्या दृष्टीने हे अपयश मानले जाते. मात्र श्रद्धेच्या इतिहासाच्या दृष्टीने यातून दुसरी गोष्टही दिसते. लोकांनी देवीचा आदेश स्वीकारला, तो अनुभवाच्या कसाला लावला आणि न पटलेला भाग सोडून दिला. कोणा एका व्यक्तीच्या पायाशी आपली विवेकबुद्धी कायमची गहाण टाकली नाही.

१९४५ : भय संपते तेव्हा :

डी. सायमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालाने ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या वेठबिगारीचे अधिकृत चित्र प्रथम समोर आणले. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी नवरा-बायको दोघेही वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' हेच नाव पडले होते. ज्या विवाहविधीत धवलेरीचा स्वतंत्र मान होता, त्याच विधीचा खर्च भागविताना वारली माणूस गुलाम होत होता. धार्मिक स्वायत्तता आर्थिक गुलामीपासून संरक्षण देत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळा येथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेस काही वारली उपस्थित राहिले. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची परिषद झाली. रोख १२ आणे रोजाशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करावयाचे नाही, वेठ करावयाची नाही, मारहाणीचा प्रतिकार करावयाचा आणि सर्वांनी एकजूट राखावयाची, असे निर्णय तेथे झाले. शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याचे नेतृत्व केले. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. जमीनदाराचे भय मनातून जाणे हीच माणूस जागा होण्याची खूण होय, हे या पुस्तकाचे सूत्र आहे.

या लढ्यातही श्रद्धेचा प्रश्न अनपेक्षित रीतीने उपस्थित झाला. आदिवासी गोदावरीबाईंना प्रेमाने 'गोदाराणी' म्हणत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे आदिवासींचा प्रचंड जमाव एकत्र आला, तो त्यांच्या नावाने पसरविलेल्या खोट्या निरोपामुळे. निरोप पसरविणारे जमीनदारांचे हस्तक होते. दुसरीकडे आदिवासी हिंसाचारासाठी जमल्याची वर्दी पोलिसांना देण्यात आली. गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्युमुखी पडले.

गोदावरीबाईंनी कधीही गुरुपद मागितले नाही. त्यांचे संपूर्ण कार्य लोकांना स्वतःच्या बळावर उभे करण्यासाठी होते. तरीही त्यांच्यावरील नितांत विश्वासाचा वापर विरोधकांना करता आला. मुक्तीच्या चळवळीतील श्रद्धाही तपासणीवाचून राहिली, तर ती शत्रूच्या हाती पडू शकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा याच आशयाचा होता. धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल. राजकारणातील विभूतिपूजा मात्र अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले होते.

कोसबाडची टेकडी : गुरुपदाचा वेगळा अर्थ :

ज्या वर्षी झरीची परिषद झाली, त्याच १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे नेण्यात आले आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यामागील सूत्र होते. पाड्यावरच्या अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरणारी कुरणशाळा हे प्रयोग त्यातून निर्माण झाले.

पारंपरिक कल्पनेत शिष्य गुरूच्या घरी जातो, त्याची सेवा करतो आणि कृपेची वाट पाहतो. कोसबाडला हा क्रम उलटला. येथे शिक्षिका मुलाच्या दारी गेली. तिने त्याला अंघोळ घातली, नखे कापली आणि त्याच्या बोलीत त्याच्याशी बोलली. मुलाने दिलेला प्रतिसाद हाच तिच्या पद्धतीच्या यशापयशाचा पुरावा होता. गुरूने शिष्याला उत्तरदायी असणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण आधुनिक महाराष्ट्रात शोधावे लागेल.

कायदा, आरोग्य आणि जमाव :

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीड दशकाहून अधिक काळ पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. हत्येच्या खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली व तिघांची मुक्तता केली.

या कायद्याच्या अनुसूचीत १२ प्रकारची कृत्ये नमूद असून सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणूक किंवा लैंगिक शोषण करणे, एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचा छळ करणे, साप, विंचू वा कुत्रा चावला असता वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे, ही कृत्ये त्यात येतात. कीर्तन, प्रवचन, यात्रा, प्रदक्षिणा इत्यादींना कायद्याचा अडथळा नाही. म्हणजे कायदा श्रद्धेला हात लावत नाही; श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या इजेला हात लावतो. भुताळी ठरविलेल्या स्त्रीला पूर्वी जी दाद मागता येत नव्हती, ती या कायद्याने प्रथम उपलब्ध करून दिली.

मात्र केवळ कायद्याने प्रश्न सुटत नाही. मध्यरात्री सर्पदंश झालेल्या माणसाला पाड्यावरून आरोग्य केंद्रात नेण्यासाठी वाहन नसेल, केंद्रात डॉक्टर किंवा लस नसेल, तर भगताकडे जाणे ही अंधश्रद्धा राहत नाही. ती उपलब्ध असलेली एकमेव सेवा ठरते. कोकणात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर परिणामकारक औषधोपचार रूढ केले, तेव्हा मंत्राकडे जाणारी पावले दवाखान्याकडे वळली. लोकांनी आपली श्रद्धा व्याख्यान ऐकून बदलली नाही, रुग्ण वाचलेला पाहून बदलली. सायवनसारख्या परिसरात भगतावर खटला दाखल करणे तुलनेने सोपे आहे. धनाढ्य आश्रम आणि राजकीय आश्रय लाभलेल्या गुरूची तपासणी करणे अवघड आहे. आसाराम यास अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल एप्रिल २०१८ मध्ये शिक्षा झाली, ती अनेक वर्षे लाखो अनुयायी मिळविल्यानंतर. ऑगस्ट २०१७ मध्ये डेरा प्रमुख गुरमीत राम रहीम दोषी ठरताच पंचकुला येथे उसळलेल्या हिंसाचारात तीसहून अधिक माणसे मरण पावली. भगतामागे एवढा जमाव कधीच नसतो. चिकित्सेचे शस्त्र दुर्बलावर धारदार आणि बलवानासमोर बोथट होऊ नये, ही दक्षता अभ्यासकांनी घेणे आवश्यक आहे.

याच परिसराच्या अलीकडील इतिहासातील एक वेदनादायक घटना टाळून ही चर्चा पूर्ण होणार नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. चोर आणि मुले पळविणारे लोक फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत पसरल्या होत्या. या घटनेला पुढे अनेक राजकीय अर्थ चिकटविण्यात आले. ऐतिहासिक दृष्टीने एवढेच म्हणता येते की, त्या जमावाने समोरच्या माणसांना 'तुम्ही कोण?' हा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली नाही. भगव्या वस्त्राकडे पाहून विचार न करता नमस्कार करणारे मन आणि अफवा ऐकून विचार न करता हात उगारणारे मन यांत वाटते तितके अंतर नाही. दोन्ही ठिकाणी परिप्रश्न हरवलेला असतो. साधूची चिकित्सा आणि साधूचा द्वेष या परस्परविरोधी गोष्टी आहेत. चिकित्सेला समोरचा माणूस जिवंत आणि बोलता हवा असतो.

निष्कर्ष :

१. गुरुश्रद्धेची चिकित्सा ही परकीय कल्पना नाही. परंपरेने परीक्षेचा अधिकार मान्य केला होता; आधुनिक काळाने तो एकदाच नव्हे, तर सतत वापरता आला पाहिजे, अशी भर घातली.

२. डहाणू-तलासरीच्या आदिवासी समाजात धार्मिक अधिकार कामापुरता मर्यादित होता. धवलेरीच्या रूपाने स्त्रीला आणि भगताच्या रूपाने सामान्य कष्टकऱ्याला तो प्राप्त झाला. या अनुभवाला सुधारणेच्या इतिहासात स्थान मिळणे आवश्यक आहे.

३. हीच व्यवस्था भुताळी ठरविलेल्या स्त्रीला न्याय देऊ शकली नाही. म्हणून अधिकार उपकृतांना उत्तरदायी असणे पुरेसे नाही. ज्यांना त्याची झळ पोहोचते, त्यांनाही तो उत्तरदायी असला पाहिजे.

४. श्रद्धा खरी की खोटी, यापेक्षा श्रद्धास्थान कोणाला उत्तर देण्यास बांधील आहे, हा निकष अधिक व्यवहार्य आहे. तो मठाधिपतीला लागू होतो, भगताला लागू होतो, राजकीय नेत्याला लागू होतो.

हा निकष अध्यापकालाही लागू होतो. महाविद्यालयांतून गुरुपौर्णिमा साजरी होताना विद्यार्थी प्राध्यापकांच्या पाया पडतात. तो आदर स्वीकारण्यात गैर काही नाही. परंतु त्याच विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून प्राध्यापकाच्या विधानाला पुरावा मागितला, तर त्याचे स्वागत होते का, यावरून त्या संस्थेतील गुरुपदाचे खरे स्वरूप ठरते. सायवनच्या पाड्यावरून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुला-मुलींना नमस्कार कोणी शिकवावा लागत नाही. प्रश्न विचारण्याचे निर्भय वातावरण मात्र त्यांना येथेच मिळाले पाहिजे.